सरणाच्या लाकडांवरची बुरशी

लाकडांच्या खाली पांढरं दिसलं तेव्हा मला आधी चुना वाटला. पाडव्याच्या आधी मी मागची भिंत पोतारली होती, त्याचे शिंतोडे असतील म्हणून सोडून दिलं. चुना सांडला तर लाकडाच्या वर सांडेल, खाली जाऊन कसा चिकटेल, हे नंतर डोक्यात आलं. मग जाऊन वरचे ओंडके बाजूला केले आणि खालचा उलथा केला. त्याची जमिनीकडची सगळी बाजू पांढरी झाली होती. तव्यावर धिरड्याचं पीठ पसरावं तसं काहीतरी पातळ लाकडावर पसरलं होतं आणि तिथंच धरलं होतं. कडेला कापसासारखी बारीक लव. मधल्या भागावर हात फिरवला तर मांजराच्या जिभेसारखं खरखरीत लागलं. वास ओल्या मातीचा.

मी ओंडका होता तसा पालथा ठेवला आणि आत येऊन बसले. त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

ती लाकडं माझ्या सरणाची आहेत. हे सांगितलं की माणसं तोंड फिरवतात, काहीजण तर निघूनच जातात. त्यात दचकण्यासारखं काय आहे मला कळत नाही. लुगडं माणूस आधी घेऊन ठेवतो, मग लाकूड का नको?

माझं माहेर सांगोल्याकडचं. तिकडं झाडं कमी आणि शेरडं जास्त. उगवेल ते शेरडं खाणार, त्यातून उरलं तर चुलीत जाणार. पाऊस नाही, पाणी टँकरचं. माणूस मेलं की रडणं नंतर, आधी लाकडं कुठून आणायची ते बघावं लागायचं. सरणाचं लाकूड दुसऱ्याच्या दारातून मागून आणू नये, अशी तिकडची रीत. म्हणून म्हातारी माणसं हातपाय चालतात तोवर आपापली बाभळीची लाकडं साठवायची. शेरडांच्या खोपटामागे प्रत्येकाची रास असायची आणि कुणाची कुठली ते सगळ्यांना ठाऊक असायचं. आमच्या आजीच्या राशीतलं एखादं लाकूड आईनं चुलीला घेतलं की आजी अंगणातून ओरडायची, "मला उद्या अर्धी कच्ची ठिवतीस व्हय गं?" आई हसत हसत लाकूड परत ठेवायची. आम्हा पोरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. कणगीत जोंधळा असतो तशी खोपटामागे आजीची लाकडं.

लग्न होऊन सोलापुरात आले. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर कुठं कुठं राखणदारी केली. शहरात लाकडं साठवायची रीत नव्हती. वखारीतून गाडी भरून आणायची आणि जाळायचं. मीही ते सगळं विसरून गेले होते.

नवरा गेला तो श्रावणात. झड लागली होती. स्मशानात जी लाकडं मिळाली ती भिजलेली. आम्ही बायका घरी. पुरुष सकाळी गेले ते दिवस मावळायला आले, तेव्हा त्यांच्या अंगाला रॉकेलचा आणि रबराचा वास होता. टायर घातले होते. धाकटा दीर पाय धुता धुता म्हणाला, "दादानं शेवटाला लई घोळवलं बघा. पेटायलाच तयार न्हाय." वाईट मनानं बोलला नाही. दमला होता. बाकीचे हसले सुद्धा थोडे. मी भिंतीला टेकून बसले होते. ज्या माणसानं जन्मात कुणाला एक ग्लास पाणी दे म्हणून सांगितलं नाही, त्याच्या नावावर शेवटी एवढंच राहिलं की त्यानं माणसांना घोळवलं.

मी तेव्हाच ठरवलं की माझ्याबद्दल कुणाला असं म्हणू द्यायचं नाही. माझी लाकडं माझी असतील आणि वाळलेली असतील. कुणाकडं मागायला नको, कुणाची वाट बघायला नको.

आमचं घर अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, गावाच्या कडेला. रस्ता रुंद केला तेव्हा दोन बाभळी आणि एक लिंब पाडला. मी जाऊन उभी राहिले. मुकादमाला म्हणाले, लाकूड मला पाहिजे. त्यानं विचारलं, "आजी, एवढं जळण काय करता? गॅस नाही का?" मी म्हटलं, "हाय की गॅस. हे दुसऱ्या कामाला." त्याला काय कळलं ठाऊक नाही, पण त्यानं पुढं विचारलं नाही. कुऱ्हाडवाला बोलावून माणसाच्या उंचीचे तुकडे करून घेतले. शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधली सुबाभूळ तोडली तीही घेतली. घरामागच्या परड्यात, मागच्या भिंतीला लावून रास रचली.

भिंतीपलीकडं जी बाई राहते ती दुधनीकडची लिंगायत. घरात कानडी बोलतात, दुकान आहे धान्याचं. माझ्याहून थोडी लहान आहे. मला अक्का म्हणते. रास रचताना ती भिंतीवरून मान काढून बघत होती.

"कुनाचं लगीन काडलंस अक्का? एवढं जळण?"

"माजंच."

तिला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, "अय्यो, अभद्र कुटली! घरात कुनी ठिवतं व्हय असलं?"

"घरात कुटं? परड्यात हाय."

"आमाला बरं बाई. आमचं लाकडाचं झंझटच न्हाय. खड्डा खनायचा, इबूत लावायची, बेलाचा पाला टाकायचा, आन बसवून ठिवायचं. मेल्यावर सुदिक आडवं पडायला मिळत न्हाय बग, बसूनच."

"तू जन्मभर बसूनच हायस की. तुला काय जड जातंय?"

ती एवढी हसली की तिची सून बाहेर आली. त्या दिवसानंतर ती लाकडांना 'अक्काची गादी' म्हणायला लागली.

पावसाची सोय म्हणून मी राशीवर फ्लेक्स टाकला. चौकातले फ्लेक्स उतरवले की लोक घेऊन जातात. कुणी शेळीच्या खोपटावर टाकतं, कुणी गाडीवर. मला मिळाला तो कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा. नमस्कार करणारा मोठा चेहरा होता. मी त्याला पालथा घालून विटा ठेवल्या. दोन पावसाळे काही झालं नाही. आमच्याकडं पाऊस तो किती! येतो, माती ओली करतो आणि जातो. यंदा मात्र राहायलाच आला. पंधरवडेच्या पंधरवडे ऊन नाही. रस्त्याला पाणी, घरात ओल, चादरीला वास. मला वाटत होतं की मी भिजले तरी लाकडं कोरडी आहेत. फ्लेक्स आहे ना.

पांढरं दिसलं तेव्हा चुन्यानंतर मला वाळवी वाटली. दुकानातून पावडर आणून टाकली. पण वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या, किडे दिसले असते. इथं काही हलत नव्हतं. मग विळ्यानं खरवडलं. ओलं असलं की लोण्यासारखं निघायचं, आणि निघालेल्या जागेखाली लाकडाचा रंग उडालेला. दोन दिवस ऊन पडलं तेव्हा खरवडलेले ओंडके उलटे करून ठेवले. पापुद्रा वाळला, तळ्याच्या गाळासारख्या त्याला भेगा पडल्या, कडा वर वळल्या. मला वाटलं मेलं. पाऊस आला आणि त्या वळलेल्या कडा परत खाली बसल्या. पुढच्या आठवड्यात नवीन पांढरी लव बाहेर आली होती, आधीपेक्षा रुंद.

भिंतीवरून शेजारीण रोज बघायची. "काय खरवडतीस गं? लाकडाची दाढी करतीस?"

"कायतरी लागलंय याला."

तिची सून शाळेत विज्ञान शिकवते. रविवारी ती भिंग घेऊन आली. गुडघ्यावर बसून एक एक ओंडका बघितला, नाकाशी नेऊन वास घेतला. मला तिचं बरं वाटलं. साडी खराब होईल म्हणून उभी राहिली नाही.

"मावशी, ही वाळवी नाही. बुरशी आहे, लाकूड खाणारी."

"बुरशी भाकरीवर येती."

"तिचीच भावकी म्हणा. पण हिला अळंबीसारखी छत्री नाही, देठ नाही. लाकडाला चिकटून अशी पापुद्र्यासारखी पसरते. इंग्रजीत क्रस्ट म्हणतात. दिसायला सारख्या अशा खूप जाती आहेत. नक्की कुठली, ते मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. मला तर येणारच नाही."

"मराटीत नाव न्हाय व्हय हिला?"

"मला तरी माहीत नाही."

मी विचारलं, खरवडून जात का नाही. ती म्हणाली, हे पांढरं दिसतंय ते नुसतं फळ आहे. खरी बुरशी लाकडाच्या आत, सुताहून बारीक धाग्यांनी पसरलेली. आंबे तोडले म्हणून झाड मरत नाही, तसं. मी विचारलं, वर का येत नाही, खालीच का? तर खाली ओल टिकते, ऊन लागत नाही, आणि हिचं बी खाली गळून वाऱ्यावर जातं. बी मला दाखव म्हटलं. भिंगातून दिसण्याएवढं मोठं नसतं म्हणाली. ते खरखरीत दात दिसतात ना, त्या दातांवर बी धरतं.

मग तिनं माझ्याकडून विळा घेतला आणि सुबाभळीच्या ओंडक्याचं टोक उचकटलं. लाकूड उसाच्या चिपाडासारखं निघालं, पांढरं, दोरे दोरे. दाबलं तर पाणी आलं.

"लाकडात दोरे असतात, आणि दोऱ्यांना धरून ठेवणारा एक चिकटा असतो," ती म्हणाली. "तो चिकटा बहुतेकांना पचत नाही. हिला पचतो. म्हणून रंग जातो आणि लाकूड असं सुटं होतं. हलकंही होतं. जिवंत झाडाच्या वाटेला ही सहसा जात नाही, मेलेलंच खाते. मावशी, ही नसती ना, तर पडलेली झाडं जंगलात तशीच साचून राहिली असती."

"ऱ्हाऊ दे की जंगलात. माज्या परड्यात कशाला आली?"

ती हसली आणि तिनं फ्लेक्सचं टोक उचललं. आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब लोंबत होते. पुढाऱ्याच्या तोंडावरून पाणी गळत होतं. "यामुळं," ती म्हणाली. "हा वरचं पाणी आत येऊ देत नाही, पण आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लाकडं थेट मातीवर ठेवलीत. खाली दगड घालून, वर नुसता पत्रा ठेवून, बाजू मोकळ्या सोडायला हव्या होत्या."

सांगोल्याला कुणी फ्लेक्स टाकत नव्हतं. उघड्यावर उन्हात पडलेली असायची लाकडं, आणि मी शहाणपणा करून त्यांना पांघरूण घातलं.

त्या संध्याकाळी मुलाचा फोन आला. तो पुण्याला असतो. रविवारी फोन करतो, जमेल तेव्हा. मी सांगितलं की लाकडांना बुरशी लागली.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता तरी फेकून दे. आई, मला किती वाईट वाटतं माहितीये? मुलगा नोकरीला आहे आणि आई परसात स्वतःचं सरण रचून बसलीय. लोक काय म्हणत असतील?"

"लोक म्हनून दमले. आता काय म्हनत न्हाईत."

"स्मशानात विजेची दाहिनी आहे आता. लाकडाचा प्रश्नच येत नाही. मी बघतो ना."

"काय बगतोस?"

"सगळं."

नळ गळतो सांगितलं तरी तो 'मी बघतो' म्हणतो. डोळ्याचं ऑपरेशन निघालं तेव्हाही म्हणाला होता. त्याला दोष देत नाही. त्याचं घर आहे, पोरं आहेत, हप्ते आहेत. पण 'मी बघतो' ऐकलं की मला कळतं, फोन ठेवायची वेळ झाली.

पाऊस उघडल्यावर मी रास मोडली. फ्लेक्स ओढून बाहेर टाकला आणि एक एक ओंडका निवडायला बसले. कोयत्याच्या पाठीनं ठोकायचं. चांगलं लाकूड खणकन वाजतं, आतून खाल्लेलं बद्द वाजतं. मडकं घेताना वाजवतो तसंच. सुबाभूळ सगळी गेली होती. हातात घेतली तर वजनच नाही, भुताला उचलल्यासारखी. लिंबाची टोकं गेली होती. बाभळीची सालीखालची पांढरी कड खाल्ली होती, पण आतला लाल गाभा तसाच होता. त्याच्यावर विळ्याची धार सुद्धा चालेना. बुरशीलाही तो जड गेला असणार.

शेजारीण भिंतीपलीकडं स्टूल टाकून उभी होती. तिचं मधेमधे चालूच होतं.

"हे?"

"बद्द."

"आन हे?"

"हेबी गेलं."

"बिडु अक्का. सोड आता. कमरेत उसन भरंल."

मी सोडलं नाही. ऊन कलेपर्यंत दोन ढीग झाले. खाल्लेल्याचा मोठा, चांगल्याचा छोटा. छोट्यात नुसते बाभळीचे गाभे. तिनं तो छोटा ढीग बराच वेळ बघितला.

"एवड्यात तुजं पाय सुदिक जळायचं न्हाईत गं."

"पाय बारीकच हायत माजं."

या वेळी ती हसली नाही. मीही नाही. स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि ती आत गेली.

मी तिथंच बसून राहिले. एखादं माणूस जवळ असावं असं मला फार कमी वेळा वाटतं. एकटी राहायची सवय झाली आहे. सकाळी उठते, झाडते, भाजी करते, टीव्ही लावते, तो बडबडतो, बंद करते. कधी कधी अख्ख्या दिवसात एक शब्द बोललेली नसते आणि दूधवाल्याला 'व्हय' म्हणताना घसा खाकरावा लागतो. त्याचं मला काही वाटत नव्हतं. कारण शेवटची तजवीज परड्यात होती. आता ती नव्हती. परत लाकडं गोळा करण्याएवढं अंगात बळ नाही, आणि रस्ता आता रुंद झालेला आहे, पाडायला झाडंही नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुलाला फोन लावला. मी दुपारी कधी करत नाही, तो कामात असतो. त्यानं लगेच उचलला आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "काय झालं?"

"काय न्हाय झालं. एक इचारायचंय. मी गेले तर तू किती वेळात पोचशील?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"मग भायेर ये आन सांग."

तो बाहेर आला असावा. दार लागल्याचा आवाज आला. "पाच तास," तो म्हणाला. "फोन आल्यावर लगेच निघालो तर पाच तास. पाऊस असेल तर जास्त."

"फोन कोन करनार?"

"म्हणजे?"

"मी तर गेलेली असनार. मग तुला फोन कोन करनार?"

मागं कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं, ऑफिसातलं. मग तो म्हणाला, "शेजारच्या काकू करतील."

"तिच्याकडं तुजा नंबर न्हाय. आन तिला तरी कसं कळनार? भिंत हाय मधी."

तो म्हणाला, "मी रोज फोन करीन." आवाज लहानपणासारखा झाला होता, मार खाऊन आल्यावर व्हायचा तसा. मी बरं म्हटलं आणि ठेवला. त्यानं केला सुद्धा काही दिवस. मग दिवसाआड झाला, मग होता तिथं आला. मला वाटलंच होतं.

पण तो प्रश्न मी विचारला तेव्हा माझा मलाच ऐकू आला. इतकी वर्षं मी लाकडांचा विचार केला. वाळली का, भिजली का, पुरतील का. लाकूड काही उठून घरात येत नाही आणि माणसाला उचलून आपल्यावर ठेवत नाही. कुणीतरी दार उघडायला लागतं. बंद जागेत ओलीत पडून राहिलं की काय होतं, ते मी फ्लेक्सखाली बघितलंच होतं.

कुणाकडं काही मागायचं नाही म्हणून तर लाकडं जमवली होती. शेजारणीकडं मी कधी विरजण सुद्धा मागितलेलं नाही. ती मागते, मी देते. माझ्याकडं नसलं तर त्या दिवशी दही लावत नाही.

उरलेले बाभळीचे गाभे तरी तसेच ठेवून काय करायचे? सरणाला पुरणार नाहीत आणि पुढच्या पावसाळ्यात बुरशी त्यांच्याही कडा धरेल. थंडी पडायला लागली होती. माळ्यावर तांब्याचा बंब होता, गॅस आल्यापासून चढवलेला. तो खाली काढला, चिंचेनं घासला, आणि एक गाभा फोडून त्याच्या ढलप्या बंबात घातल्या. बाभूळ काय जळते! निखारा किती वेळ लाल राहतो. सकाळी मी अंगावर कढत पाणी घेतलं. गुडघ्यावर ओतलं, पाठीवर ओतलं. पातेल्यातल्या पाण्यात अशी आंघोळ होत नाही.

"अक्का, धूर कशाचा?" भिंतीवरून आवाज आला.

"गादी जाळायला काडलीय."

"अय्यो! अंगुळीला?" मग जरा थांबून, "आगं पन लवकर पेटव की मग. माजी कापडं वाळत घातल्यावर पेटवतीस, समदा वास धरतोय."

तेव्हापासून मी उजाडायला पेटवते. खाल्लेली लाकडं मी ओढून लांबच्या कोपऱ्यात, सावलीला टाकली आहेत. ती जाळून उपयोग नाही, नुसती धुमसतात. बुरशी तिथं आहे. थंडीत तिचा पांढरा रंग जाऊन ती वाळक्या भाकरीसारखी झाली आहे. शेजारणीची सून म्हणते, मेलेली नाही, ओलीची वाट बघतेय. मी कधी कधी जाऊन एखादा ओंडका उलथा करून बघते. दिवसात दुसरं काही बघायला नसतं तेव्हा. पुन्हा पालथा ठेवते. आता ती लाकडं बुरशीचीच आहेत.

एका सकाळी शेजारीण कपडे पिळत होती आणि मी भिंतीच्या अलीकडं उभी राहिले. बोलायचं ठरवून गेले होते तरी बराच वेळ मी तिच्या पोलक्यांच्या रंगाबद्दलच बोलत राहिले.

मग म्हणाले, "माजा धूर रोज दिसतो न्हवं तुला?"

"दिसतो कसला, नाकात जातो."

"एक दिवस न्हाय दिसला तर?"

"तर देवाला नारळ फोडीन. कापडं चांगली वाळतील."

"आन दुसऱ्या दिवशीबी न्हाय दिसला तर?"

तिनं पिळलेलं कापड परत बादलीत टाकलं. माझ्याकडं बघितलं. थट्टा करायला तिला पुष्कळ होतं, पण तिनं केली नाही.

"दुसऱ्या दिवसापातूर कशाला थांबीन?" ती म्हणाली. "मागचं दार आतनं कडी लावू नगंस. नुसतं लोटून ठिव."

मी मुलाचा नंबर कागदावर लिहून नेला होता. तो दिला. तिला वाचता येत नाही, तिनं सुनेला हाक मारली. सुनेनं तो फोनमध्ये घातला आणि विचारलं, काय नावानं ठेवू. शेजारीण म्हणाली, "अक्काचा पोरगा, असं लिव." मग माझ्याकडं वळून, "आन मी आदी गेले तर?"

"तर तुज्या घरात मानसं हायत."

"त्ये बी खरं," ती म्हणाली आणि बादलीतलं कापड परत पिळायला लागली.

घरी येऊन मी मागच्या दाराची कडी काढली. पहिले काही दिवस झोप लागली नाही. उंदीर-मांजर शिरेल, चोर येईल, काहीही वाटायचं. चोरानं न्यावं असं घरात काही नाही. तरी कडी न लावता झोपणं म्हणजे दुसऱ्याच्या भरवशावर झोपणं. ते मला या वयात शिकावं लागलं, आणि अजून नीट येत नाही.

गाभे हळूहळू कमी होत आहेत. ही थंडी निघेल. पुढच्या थंडीचं ठाऊक नाही. जाळायला मी दुसरं काहीतरी शोधीन, नाहीतर नुसतीच जाऊन भिंतीशी खाकरीन.

परवा जरा अंग कसकसत होतं. उठायला उशीर झाला. ऊन भिंतीवर आलं होतं. मी आत न्हाणीत बंबापाशी बसून काड्या ओढत होते, काड्यांची पेटी सादळली होती, एकही काडी पेट घेईना. तेवढ्यात मागचं दार जोरात लोटलं गेलं आणि शेजारीण आत आली. पदर खोचलेला, हाताला पीठ, पायात चप्पल नाही. मला बसलेली बघून ती दारातच थांबली. तिला धाप लागली होती.

"काडी पेटंना," मी म्हटलं.

"मर तिकडं," ती म्हणाली. कमरेला खोचलेली काड्यांची पेटी काढून तिनं माझ्या अंगावर टाकली आणि तशीच वळून घरी गेली. तिची भाकरी तव्यावर होती.